बेघर शाखेचे भद्रप्पा अण्णा

भद्रप्पा अण्णांनी एकदा दाढी करून घ्यायला तीन कोटेशनं मागवली होती. बसस्टँडजवळच्या न्हाव्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलं. चौकातल्या न्हाव्याला लिहिता येत नव्हतं, त्यानं पोरीकडून लिहून घेतलं. तिसरा म्हणाला, "अण्णा, खुर्चीत बसा की गप. गालावर जंगल वाढायलंय आन् तुमी कागद मागायलाव?" अण्णा बसले नाहीत. तिसरा कागद येईपर्यंत पाच दिवस तसेच फिरले. मधे जिल्ह्याच्या साहेबांची मीटिंग होती, तिथंही खुंटं वाढवून गेले. साहेबांनी विचारलं, "घरी कुणी वारलं का?" अण्णा म्हणाले, "न्हाई सर. प्रक्रिया चालू हाय."

हे अण्णा आमच्या नगरपालिकेतल्या गरिबी निर्मूलन शाखेचे प्रमुख. आमचं गाव सीमेवरचं. दुकानांच्या पाट्या कन्नडात, भांडणं मराठीत आणि तडजोड दखनीत. शाखा म्हणजे जिन्याखालची एक खोली. तीत एक टेबल अण्णांचं, एक माझं. मी मूळची मुडबीची, कांबळ्यांची सुजाता, कंत्राटी समुदाय संघटक. दर अकरा महिन्यांनी माझी नोकरी संपते आणि अण्णांनी टिपण लिहिलं की पुन्हा सुरू होते. त्यामुळं पुढं मी त्यांच्याबद्दल जे वाईट बोलणार आहे, ते मी आजवर फक्त मनात बोलले आहे.

अण्णांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि खिशात चार पेनं. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच: "कागद काय म्हणतोय?" पाऊस पडायला लागला तरी खिडकी लावायच्या आधी ते हा प्रश्न विचारतील अशी मला खात्री होती. आणि एका पावसाळ्यात तसंच झालं. छत गळून पाणी थेट त्यांच्या टेबलावर पडायला लागलं. मी म्हटलं, टेबल हातभर सरकवू या. "न्हाई मॅडम. टेबलाची जागा नकाशात हाय." त्या वर्षी इमारत शाखेचा जादा चार्जही त्यांच्याकडंच होता. त्यांनी गरिबी निर्मूलन शाखेकडून इमारत शाखेला, म्हणजे स्वतःलाच, पत्र लिहिलं. बाहेर जाऊन आवकचा शिक्का मारून घेतला. दोन दिवसांनी स्वतःला उत्तर दिलं, 'सदर कामासाठी तरतूद नाही.' मग ते उत्तर वाचून इतके चिडले की इमारत शाखेबद्दल माझ्याकडं तासभर तक्रार करत बसले. डोक्यावर छत्री धरून.

अशा माणसाच्या हातात बेघरांची योजना आली.

बेंगळुरूहून आदेश आला की गावात बेघरांसाठी निवारा केंद्र पाहिजे. आधी सर्वेक्षण, मग इमारत, मग ते चालवायला संस्था नेमायची, टेंडर काढून. अण्णांनी आदेश डोळ्यांना लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आम्ही बेघर मोजायला निघालो. कचेरीची वेळ तीच ना!

बसस्टँडवर टळटळीत दुपारी एकच माणूस बाकावर आडवा होता. अण्णांनी त्याला हलवून उठवलं.

"तू बेघर हायस का?"

तो दचकून उठला. "न्हाई ओ! मी मेहकरचा. माझी बस चुकली."

अण्णांनी वहीत लिहिलं: शून्य.

मी म्हटलं, "अण्णा, ही माणसं दिवसा इथं कशी सापडतील? कुणी बाजारात पोती उचलतंय, कुणी हॉटेलात भांडी घासतंय. दिवस मावळला की अंग टाकायला येतेत."

"दिवस मावळल्यावर मोजा म्हणून कागदात कुठं हाय?"

मी दाखवलं. शेवटच्या पानावर, परिशिष्टात, स्पष्ट लिहिलं होतं. अण्णांनी ते तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "परिशिष्ट म्हंजे कागदाची शेपटी, मॅडम. पर शेपटी बी जनावराचीच."

त्या संध्याकाळी आम्हाला एक्केचाळीस माणसं सापडली. नंबर एक, गंगाबाई.

गंगाबाई सत्तरीची असावी. औरादकडची. मराठी बोलता बोलता मधेच तिचा एखादा तेलुगू शब्द निसटायचा. बसस्टँडसमोरच्या खानावळीपुढं झाडायची, तिथंच जेवायची आणि पाण्याच्या टाकीला टेकून पडायची. अण्णा तिच्यापुढं उकिडवे बसले, मांडीवर फॉर्म ठेवला.

"अव्वा, तू बेघर कामून हायस?"

"घर न्हाई म्हणून."

"तसं उत्तर चालत न्हाई. कारण सांग. एक, स्थलांतर. दोन, कौटुंबिक कलह. तीन, आपत्ती."

"भावाच्या पोरानं जागा घेतली माझी."

"म्हंजे दोन."

"त्याच्या आधी भिंत पडली व्हती, पावसात."

"म्हंजे तीन. एकच सांग, अव्वा. चौकट एकच हाय."

गंगाबाईनं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. एवढा शिकलेला माणूस आणि एवढा अडचणीत, असं काहीसं तिला वाटलं असावं. ती म्हणाली, "तुला जे सोपं पडतंय ते लिही, लेकरा."

मग टेंडर. अटी अण्णांनी स्वतः लिहिल्या. पहिलीच अट: संस्थेला या गावात निवारा केंद्र चालवल्याचा तीन वर्षांचा अनुभव हवा. मी म्हटलं, "अण्णा, या गावात केंद्र आजवर नव्हतंच. अनुभव कुठून आणायचा?" ते म्हणाले, "ते त्यांनी बघावं." अर्ज एकही आला नाही. दुसऱ्यांदा जाहिरात काढली तेव्हा एकच अर्ज आला, आमच्या एका नगरसेवकांच्या मेव्हण्याचा. मेव्हण्यांचा धंदा मांडव, खुर्च्या आणि गाद्या भाड्यानं द्यायचा. त्यांनी आठ दिवसांत संस्था काढली आणि अनुभवाचा दाखला जोडला: 'वऱ्हाडाच्या मुक्कामाची उत्तम सोय केली.'

मला वाटलं, अण्णा हा कागद फेकून देतील. अण्णांनी त्यावर टिकमार्क केला. "वऱ्हाड बी दोन दिवस बेघरच असतंय, मॅडम."

इमारतही अशीच. माणसं पडतात बसस्टँडवर आणि केंद्र निघालं गावाबाहेर तीन किलोमीटरवर, नगरपालिकेच्या जुन्या गोदामात, कारण जागा तिथं होती. तिकडं बस जात नाही. अण्णांनी टेप घेऊन गोदाम मोजलं, माणशी किती चौरस फूट येतात ते काढलं आणि खूश झाले. माणशी हवी त्यापेक्षा जास्तच जागा येत होती. माणसंच नव्हती ना.

उद्घाटनाच्या दिवशी ही अडचण उघडी पडली. चाळीस खाटा मांडलेल्या, चाळीस चादरी घातलेल्या, हार आलेला, फीत आलेली, पाहुणे वाटेवर आणि बेघर नाहीत. का नाहीत? प्रवेशाच्या नियमात आधार कार्ड हवं होतं, तेही इथल्या पत्त्याचं. बेघरांकडं पत्ता नव्हता. मग आमच्या मुख्य साहेबांनी कचेरीतल्या लोकांनाच खाटांवर झोपायला सांगितलं. मला सात नंबरची खाट मिळाली. ऐन मे महिन्यात गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढून मी पडले. शेजारच्या आठ नंबरवर जन्म-मृत्यू शाखेचा क्लार्क खरंच घोरायला लागला.

पाहुणे माझ्यापाशी थांबले. "कसं वाटायलंय अक्का?"

"लई बरं वाटायलंय."

"पहिलं कुठं राहत व्हता?"

घाबरून खरंच निघालं तोंडातून. "मुडबीला."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पाहुण्यांचा हात माझ्या डोक्यावर आणि खाली बातमी, 'निराधार महिलेला मिळाले छत.' मुडबीहून आईचा फोन आला, ती रडत होती. "बाई गं, खोली सोडावी लागली व्हय? मला कामून सांगितली न्हाईस?" तिला समजावायला मला दोन दिवस लागले. आमच्या बौद्धवाड्यातल्या एका काकांनी तर माझ्यासाठी वर्गणी सुरू केली होती.

त्यानंतर केंद्राला कुलूप लागलं. किल्ली मेव्हण्यांच्या खिशात, गाद्या परत कुणाच्या तरी लग्नात. आणि आमच्याकडं रोज गंगाबाई. सकाळी झाडून झालं की कचेरीच्या पायरीवर येऊन बसायची.

"नाव लागलं का रे अण्णा माझं?"

"कार्ड आण, अव्वा."

"कार्ड कुठं मिळतंय?"

"पत्ता असला की मिळतंय."

"पत्ता कुठं मिळतंय?"

"घर असलं की."

गंगाबाई हसायची. दात नव्हते, त्यामुळं तिचं हसू तान्ह्या लेकरासारखं दिसायचं. मला मात्र हसू येत नव्हतं. आभाळ भरून यायला लागलं होतं आणि टाकीपाशी पत्रासुद्धा नव्हता. एक दिवस ती आली ती खोकतच. पायरीवर बसून इतकी खोकली की आतल्या माणसांनी माना वर केल्या. माझा तोल गेला. आपली नोकरी कुणाच्या टिपणावर आहे हे विसरून मी ओरडले, "अण्णा, माणूस आधी का कागद आधी?"

अण्णांनी मानही वर केली नाही. "कागद."

त्या दिवशी मी या माणसाच्या नावावर मनात फुली मारली. वाटलं, याच्या छातीत काळजाच्या जागी स्टँप पॅड आहे.

आणि मग, कसं कोण जाणे, कार्डं यायला लागली. एके सकाळी गंगाबाईनं चोळीतून एक कार्ड काढून मला दाखवलं. "बघ की, फोटो कसला निघालाय! मेलेल्यावानी." पुढच्या आठवड्यात पोती उचलणाऱ्या रहीमचाचांचं आलं, मग आणखी पाच जणांचं. पत्ता वगैरे मी वाचला नाही. सरकारी अक्षरं एवढी बारीक आणि मला आनंद एवढा झालेला.

मेव्हण्यांना मात्र आनंद झाला नाही. आता केंद्र उघडावं लागणार होतं. ते आमच्या खोलीत येऊन म्हणाले, "अण्णा, एवढ्या लांब हे लोक येणार कसे? सोडून द्या की." अण्णांनी करारनामा उघडला. तो मेव्हण्यांनी सही करताना वाचला नव्हता, मीही वाचला नव्हता. अण्णांनी बोट ठेवलं. "कलम अठ्ठावीस, उपकलम ग. लाभार्थ्यांना संध्याकाळी नेणं आन् सकाळी आणून सोडणं, वाहन संस्थेचं."

"हे कधी घातलाव?"

"तुमी चहा पीत व्हताव तवा."

त्या दिवसापासून मांडवाचा टेम्पो रोज सातला बसस्टँडवर उभा राहायला लागला. मागं 'शुभविवाह' लिहिलेलं आणि आत गंगाबाई पुढच्या गादीवर, नवरीसारखी. पहिला पाऊस झाला तेव्हा टाकीपाशी कुणीच नव्हतं.

मेव्हणे गप्प बसणारे नव्हते. त्यांनी कुठून तरी ती कार्डं मिळवून बघितली आणि वर तक्रार केली. एका शनिवारी सकाळी तालुक्याहून चौकशी अधिकारी आले. कचेरीतून त्यांच्यासोबत जायला मला सांगितलं. कुठं जायचं ते मला जीपमध्ये बसल्यावर कळलं. मठ गल्लीत, भद्रप्पा अण्णांच्या घरी.

घर दोन खोल्यांचं, समोर ओसरी. अण्णा बनियनवर बसून पेनं पुसत होते. अधिकाऱ्यांनी फाईल उघडली.

"या पत्त्यावर अडतीस माणसं राहतात असं कार्डं सांगतात. आडनावं वेगळी, जाती वेगळ्या, धर्म तीन. कुटुंबप्रमुख तुम्ही. बरोबर?"

"व्हय सर."

मी ओसरीच्या खांबाला धरलं. अडतीस! आमच्या एक्केचाळिसांतले तिघं मधेच गाव सोडून गेले होते. म्हणजे बाकी सगळ्यांच्या फॉर्मवर या माणसानं स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला होता, आणि माझ्या समोरच्या टेबलावर बसून.

"कुठं आहेत ही माणसं?"

"कामाला गेलेत."

"सगळी?"

"दिवसा सगळीच जातेत, सर. मी सर्वे केलाय."

अधिकाऱ्यांचा आवाज चढला. "हा खोटा रहिवास आहे. निवृत्तीला सात महिने राहिलेत तुमच्या. काय होईल कळतं का?"

अण्णा उठले, आतून कागदांचा गठ्ठा घेऊन आले. प्रत्येक फॉर्मला घरमालकाचं संमतिपत्र जोडलेलं होतं, अडतीस वेळा हातानं लिहिलेलं. 'सदर व्यक्तीस माझ्या घरी राहण्यास माझी हरकत नाही. केव्हाही.'

"मी राहा म्हणलोय, सर. दार उघडं हाय. आले न्हाईत तर ती त्यांची मर्जी. आन् वॉर्डाच्या नगरसेवकांनी शिफारस बी केलीया. सही बघा."

अधिकाऱ्यांनी सही बघितली. अडतीसही कागदांवर तक्रारदाराच्या, म्हणजे मेव्हण्यांच्या, दाजींचीच सही होती. ते कुठलाच कागद वाचून सही करत नाहीत हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण त्याचा उपयोग करायचं अण्णांनाच सुचलं. अधिकाऱ्यांनी फाईल मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

एवढ्यात दारात गंगाबाई उभी. "अण्णा, माझं पेन्शनचं टपाल आलं का रे?"

अधिकारी एकदम वळले. "आजी, तुम्ही इथं राहता का?"

"न्हाई."

अण्णांनी डोळे मिटले.

"पत्ता हाय माझा इथं," गंगाबाई म्हणाली. "हा म्हणला, इथंच राहा म्हणून. सगळ्यांलाच म्हणला. मी एक दिवस राहिले बी."

"मग का सोडलं?"

"हा लई बोलतंय, साहेब. कलम, कलम, कलम. जेवताना बी. मला टाकीपाशी बरं झोप लागायची."

अधिकारी हसले, मग मीही हसले. अण्णाही हसले, पण थोडे उशिरा.

चौकशीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. अहवालात अधिकाऱ्यांनी लिहिलं, 'पाहणीच्या वेळी एक लाभार्थी पत्त्यावर प्रत्यक्ष हजर आढळली.' ते खोटं नव्हतं. नगरसेवकांनी मेव्हण्यांना तक्रार मागं घ्यायला लावली. अण्णांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी स्वतःच आवक रजिस्टरला नोंदवली, व्याकरणाच्या दोन चुका लाल पेनानं दुरुस्त करून. टेम्पो चालू राहिला.

त्या शनिवारी जीप गेल्यावर मी मागंच थांबले. मनातली फुली पुसायची होती, पण असलं काही अण्णांना तोंडावर सांगायची सोय नव्हती. ते आत चहा टाकत होते. मी पाण्यासाठी स्वयंपाकघरात गेले तर चुलीवर भाताचं भलंमोठं पातेलं.

"कुणी येणार हाय का, अण्णा?"

"शनिवार हाय. टपाल न्यायला कुणी बी येऊ शकतंय."

"येतात?"

"येतेत की. दारातूनच घेतेत अन् जातेत. गडबड असती त्यांला." त्यांनी एक ताट वाढून ओसरीवर गंगाबाईपुढं ठेवलं. शेजारी बसले नाहीत. आत येऊन उभे राहिले आणि ती जेवते का ते दाराआडून बघत राहिले. तिनं भराभर खाल्लं, हात धुतला, पत्र चोळीत घातलं आणि गेली.

भिंतीला लाकडी खणांचं कपाट होतं, पोस्टात असतं तसं. प्रत्येक खणावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. रहीमचाचा, गंगाबाई, सगळे अडतीस. मी मोजले तर खण एकोणचाळीस निघाले. सगळ्यात वरच्या खणावर लिहिलं होतं, नीलम्मा. त्यात बँकेची, विम्याची पाकिटं एकावर एक, न फोडलेली, धूळ झटकलेली.

नीलम्मा म्हणजे अण्णांच्या बायको हे मला माहीत होतं. त्या दिसत का नाहीत, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

"वहिनी कुठं असतेत?"

"सोलापूरला. लेकीच्या बाळंतपणाला गेली."

"कधी?"

अण्णांनी कपात चहा गाळला. दोन कप होते, त्यांनी सवयीनं एकच भरला, मग लक्षात येऊन दुसरा भरला.

"नातू दुसरीत हाय आता."

त्यांनी ओसरीवरचं त्या दिवशीचं टपाल उचललं आणि चष्मा लावून एकेक पाकीट खणात लावायला लागले. त्यातलं एक नीलम्मांचं निघालं. ते त्यांनी वरच्या खणात इतरांच्या वर ठेवलं, कडा जुळवल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

"पत्ता बदलायचा अर्ज तिनं अजून दिलेला न्हाई, मॅडम."